सासरेबुवांची केबल

केबल तोडायला कात्री लागत नाही, फोन लागतो. हे ज्ञान मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी झालं, आणि तेही कात्री घेऊन तळघरात उतरल्यावर. जिन्याच्या वरच्या पायरीवरून माझी बायको लोर्ना म्हणाली, "कर्टिस, ती वायर कपडे वाळवायच्या मशीनची आहे." मी कात्री पाठीमागे लपवून वर आलो.

खरं म्हणजे आमच्या केबलनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. वाकडं केलं ते शाळेच्या स्टाफरूमनं. मी अमेरिकेच्या उत्तर टोकाला, डुलुथच्या एका शाळेत सातवी-आठवीला भूगोल शिकवतो. एका सोमवारी कॉफी ओतता ओतता मी सहज म्हणून गेलो, "काल सहाला तो खुनाचा कार्यक्रम लागला होता. जाहिराती इतक्या, की खुनी सापडेपर्यंत माझा डोळा लागला."

विज्ञान शिकवणाऱ्या डेलानी फॉसनं हातातला कप खाली ठेवला. "लागला होता म्हणजे? कर्टिस, तू अजून टीव्ही म्हणेल तेव्हा टीव्ही बघतोस?"

चुलीवर पाणी तापवून अंघोळ करणाऱ्या माणसाकडे पाहावं तसे सगळे माझ्याकडे पाहू लागले. मग एकेकानं सांगायला सुरुवात केली, त्यानं केबल केव्हा तोडली, कशी तोडली आणि तेव्हापासून आयुष्य कसं फुललं. शाळेचा बॉयलर सांभाळणारा लाइल दार दुरुस्त करायला आला होता. त्याच्या खिशात अजून बटणांचा फोन असतो. तोसुद्धा स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "आम्ही मागच्याच वर्षी तोडली. आता सगळं इंटरनेटवरून. लाइव्ह." लाइलनं तोडावी आणि मी तोडू नये! त्या दिवशी आठवीच्या वर्गात मी मिसिसिपी नदी उलटी वाहवली, आणि पोरांनी ती वहीत तशीच उतरवून घेतली.

तेव्हापासून मला चैन पडेना. टीव्हीसमोर बसलो की चुळबुळ सुरू व्हायची. जाहिरात लागली की आपण फसवले जातोय असं वाटायचं आणि कार्यक्रम लागला की तो दुसरीकडे कुठेतरी आधीच लागून गेला असेल असं वाटायचं. शेवटी मी लोर्नाला म्हटलं, "तोडूया."

"तोड की," ती म्हणाली. "फक्त पपांना तू सांग."

इथे घोडं पेंड खात होतं. पपा म्हणजे माझे सासरे टॉइवो लॅम्पिनेन, वय शहाऐंशी. सासूबाई गेल्यानंतर ते आमच्याकडे राहायला आले ते स्वतःची केबल बरोबर घेऊन आले. लग्नात त्यांनी आंदण म्हणून काही दिलं नव्हतं, ते असं वीस वर्षांनी पोचवलं. केबलचं खातं त्यांच्या नावावर, बिल त्यांच्या पेन्शनमधून आणि रिमोट त्यांच्या हातात. अडतीस वर्षं त्यांनी डुलुथच्या छपरांवर अँटेना बसवल्या होत्या. थंडीत, वाऱ्यात, सरोवरावरून बर्फाचे बाण येत असताना हा माणूस छपरावर उभा राहून अँटेना फिरवायचा आणि खालून घरमालक ओरडायचा, "आलं! आलं! गेलं!" त्यामुळे टीव्हीच्या बाबतीत ते शंकराचार्यांच्या अधिकारवाणीनं बोलत. "चित्र हवेतून यावं नाहीतर तारेतून यावं," ते म्हणत. "कुठून येतंय तेच माहीत नाही, असलं चित्र मी घरात घेत नाही." त्यांचा दिवस आकड्यांवर चाले. सहा नंबरवर हवामान, अकरा नंबरवर जुने घोडे आणि पिस्तुलं, तेवीसवर अकॉर्डियन. डिसेंबरात बर्फावर घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून सहा, अकरा आणि तेवीस एवढंच त्यांचं जग उरलं होतं.

त्यांना सांगण्यापूर्वी मी शेजारी सल्ला घ्यायला गेलो. कुठल्याही कामाचा सत्यानाश करायचा असेल तर ही पहिली पायरी आहे. शेजारच्या बेव्ह सुंडक्विस्टनं मला स्वयंपाकघरात नेऊन फ्रिज दाखवला. फ्रिज दिसत नव्हता. त्याच्यावर चुंबकांखाली अकरा चिठ्ठ्या होत्या आणि प्रत्येकीवर एक पासवर्ड.

"अगदी सोपं आहे," बेव्ह म्हणाली. "ही खुनांसाठी, ही स्वयंपाकासाठी, ही ब्रिटिश लोकांसाठी. ही कशासाठी ते आठवत नाही, पण बंद करायला गेले तर पासवर्ड चालत नाही."

तिचा नवरा डुएन गॅरेजमधून डोकावला. टीव्हीवरून भांडणं नकोत म्हणून तो सात वर्षांपासून गॅरेजमध्ये हीटर लावून एकटाच फोनवर सामने बघतो. "तिचं ऐकू नकोस," तो म्हणाला. "सगळं फुकट मिळतं. फक्त मधून मधून रशियन बायका येतात, त्यांच्याकडे बघायचं नाही."

"कोण येतात?" बेव्हनं विचारलं, आणि मी घरी आलो.

सासऱ्यांना सांगण्याचे मी तीन प्रयत्न केले. तिन्ही वेळा ते घोड्यांत होते. शेवटी मी ठरवलं, आधी काम उरकावं आणि मग सांगावं. जगातले बहुतेक गुन्हे याच विचारानं झालेले आहेत.

शाळेच्या मोकळ्या तासाला मी कंपनीला फोन लावला. पाऊण तास बासरी ऐकली. मग एक मुलगी आली. तिला मी "कनेक्शन बंद करायचंय" म्हटल्याबरोबर तिचा आवाज असा झाला, जणू मी तिची सोयरीक मोडत होतो.

"अरेरे! आम्ही कुठे कमी पडलो?"

"नाही हो, तसं काही नाही."

"मिस्टर लॅम्पिनेनच बोलताय ना? खातं त्यांच्या नावावर आहे, दुसऱ्या कुणाला बंद करता येत नाही."

मी पंचवीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवत आलोय. समोर भिंतीवर जगाचा नकाशा होता. मी ऑस्ट्रेलियाकडे बघत म्हणालो, "हो. मीच."

"छान. खात्री करायला एक प्रश्न विचारते. तुमच्या पहिल्या कुत्र्याचं नाव?"

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी टोस्टला लोणी लावत, काही विशेष नाही अशा सुरात विचारलं, "पपा, लहानपणी तुमच्याकडे कुत्रा होता का हो?"

सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. "होता तर," ते म्हणाले. "मुस्ती." आणि मग त्यांनी मुस्ती सांगायला घेतला. काळा कुळकुळीत, एक कान दुमडलेला. खाणीच्या गावात एका हिवाळ्यात टॉइवो वाट चुकला, सात वर्षांचा होता, आणि मुस्तीनं त्याला बाहीला धरून घरापर्यंत ओढत आणला. कॉफी निवली. शाळेला उशीर झाला. बोलून झाल्यावर ते म्हणाले, "कर्टिस, वीस वर्षांत तू पहिल्यांदा मला काहीतरी विचारलंस." आणि त्यांनी आपल्या ताटलीतला अर्धा टोस्ट माझ्या ताटलीत ठेवला.

तो टोस्ट मी कसा गिळला ते माझं मला माहीत.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण अस्वस्थ माणसाला एकदा उत्तर सापडलं की ते कुठेतरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी पुन्हा फोन केला, पुन्हा बासरी ऐकली. या वेळी दुसरी बाई होती.

"मुस्ती," मी म्हणालो.

"बरोबर! मिस्टर लॅम्पिनेन, तुम्ही एकतीस वर्षं आमचे ग्राहक आहात. आणि आवाज किती तरुण आहे हो तुमचा!"

"कफ कमी झालाय."

"ऐकून बरं वाटलं," ती म्हणाली, आणि टाइप केल्याचा आवाज आला. मग तिनं मला तीन सवलती, एक जास्तीचा रिमोट आणि पन्नास खेळांच्या वाहिन्या देऊ केल्या. मी सगळ्या मोहांना पुरून उरलो. "आजपासून बंद करते," ती शेवटी खोल आवाजात म्हणाली. "डबा तेवढा काउंटरवर आणून द्या."

मी त्याच दुपारी घरी गेलो. सासरे खोलीत पडले होते. गुपचूप टीव्हीखालचा डबा काढला, काखेत मारला आणि मॉलमधल्या कंपनीच्या काउंटरवर जाऊन नंबर घेतला. माझ्यापुढे चौदा माणसं होती आणि प्रत्येकाच्या काखेत एकेक डबा. कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. दवाखान्याच्या विशिष्ट विभागाबाहेर बसतात तशी आम्ही माणसं बसलो होतो. माझा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या बाईनं चष्म्यावरून पाहिलं.

"ओळखपत्र?"

मी दिलं.

"तुम्ही मिस्टर लॅम्पिनेन नाही."

"मी जावई."

"पण आज सकाळी मिस्टर लॅम्पिनेन स्वतः बोलले," ती पडद्यावरचं वाचत, मागे बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "इथे लिहिलंय, ग्राहकाचा कफ कमी झाला आहे."

"हो. झालाय."

"मग त्यांना येऊ दे. नाहीतर या कागदावर त्यांची सही आणा."

मी डबा परत काखेत मारून घरी आलो. सासरे आपल्या तपकिरी खुर्चीत बसले होते. समोर काळा टीव्ही. ते रिमोटवर सहा दाबत होते, थांबत होते, पुन्हा सहा दाबत होते. मी दारात डबा घेऊन उभा.

खोटं बोलायचे सगळे मार्ग मी वापरून संपवले होते, म्हणून खरं सांगितलं. सगळं सांगितलं. स्टाफरूम, लाइल, बासरी, कफ. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणून मुस्तीबद्दल विचारत होतास होय."

एवढंच. त्यांनी कागद मागून घेतला, सही केली आणि काठी टेकत खोलीत निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. लोर्ना ओरडली. पण तिच्या ओरडण्यानं त्यांच्या न ओरडण्याची भरपाई झाली नाही.

आता नव्या व्यवस्थेनं त्यांना खूश करायचं असा मी चंगच बांधला. टीव्हीला एक बोटाएवढी वस्तू लावली. टीव्ही सुरू केला की तो आधी विचारायचा, "कोण बघतंय?" आणि खाली चार तोंडं. सासऱ्यांच्या वाट्याला पेंग्विन आला होता, तो काही केल्या बदलता येईना.

"कोण बघतंय हे याला कशाला हवं?" सासरे म्हणाले. चार दिवसांतलं ते त्यांचं पहिलं वाक्य.

"तुमची आवड लक्षात ठेवतो तो, पपा."

"मला माझी आवड लक्षात आहे. अकरा नंबर कुठे गेला?"

"आता नंबर नसतात. तुम्हाला हवं ते शोधायचं." मी एकेक अक्षर शोधून 'घोडे' असं टाइप केलं. त्याला सात मिनिटं लागली. पडद्यावर एक पशुवैद्य आला, त्याचा हात कोपरापर्यंत घोडीत होता. सासरे थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "यात पिस्तुल कधी येतं?"

त्यातच चित्र अडायला लागलं. ऐन बोलताना माणूस तोंड उघडं ठेवून थिजायचा आणि मधोमध एक चक्र फिरत राहायचं. बेव्ह म्हणाली, राउटर उंच ठेव. डुएन म्हणाला, थंड जागी ठेव. मी तो फ्रिजवर ठेवला, जिन्यात ठेवला, कपड्यांच्या कपाटात ठेवला. "काखेत घेऊन घरभर फिरतोयस," लोर्ना म्हणाली, "एकदा थोपटून झोपव तरी त्याला."

आणि अशातच ॲनिकाचा सामना आला.

ॲनिका आमची मुलगी, सतरा वर्षांची, शाळेच्या मुलींच्या आइस हॉकी संघाची गोलकीपर. तिच्या पायांना पहिले स्केट सासऱ्यांनी बांधले होते. डुलुथमध्ये झालेला तिचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता, हाड मोडेपर्यंत. हे तिचं शाळेचं शेवटचं वर्ष. संघ विभागाच्या अंतिम सामन्यात पोचला आणि सामना ठरला चार तासांच्या वाटेवर, बीव्हर पॉइंटला, शनिवारी दुपारी एकला. सासऱ्यांना गाडीत अर्ध्या तासावर बसवत नव्हतं. त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. लोर्ना शुक्रवारी संघातल्या मुलींबरोबर निघाली. निघताना तिनं गाडीची काच खाली केली आणि म्हणाली, "कर्टिस, पपांना सामना दिसला पाहिजे. नाही दिसला, तर मी परत यायच्या आत तू कुठेतरी निघून जा."

पूर्वी हा सामना इथल्या वाहिनीवर दाखवत. यंदा फक्त इंटरनेटवर, बीव्हर पॉइंटची शाळाच दाखवणार होती. म्हणजे केबल असती तरी दिसला नसता! हे वाक्य मी सासऱ्यांसमोर तीन वेळा म्हटलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "म्हणजे आता दोन्हीकडून गेलं."

शनिवारी साडेबारालाच बेव्ह लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन आली. डुएन नेहमीप्रमाणे गॅरेजमध्ये होता. एक वाजता चित्र आलं. मैदान दिसलं, बर्फ दिसला, समोरच्या संघाच्या निळ्या आणि आमच्या पांढऱ्या मुली दिसल्या. मी विजयी मुद्रेनं सासऱ्यांकडे पाहिलं.

तेवढ्यात पडद्यावर एक टोपी आली. कानांवर झापडं असलेली, शिकारीची, भगव्या रंगाची. तिच्याखाली एक धिप्पाड माणूस उभा होता आणि तो बरोब्बर ॲनिकाच्या गोलसमोर उभा होता.

"बसेल आता," मी म्हणालो.

बसला नाही. समालोचन म्हणावं तर तेही नव्हतं. कॅमेरा म्हणजे शाळेच्या ग्रंथपाल बाईनं तिकाटण्यावर लावलेला फोन असावा, कारण तिच्या आणि तिच्या मैत्रिणीच्या गप्पा तेवढ्या स्पष्ट ऐकू येत होत्या. विषय होता हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं मांस-भाजीचं खिचडीवजा प्रकरण.

"जोलीन, तू हॉटडिशवर बटाटे घालतेस का कॉर्नफ्लेक्स?"

"बटाटे. कॉर्नफ्लेक्स माझी नणंद घालते, म्हणून मी घालत नाही."

"बाई गं! आता गोल होतो वाटतं."

"कोण मारतंय?" सासरे खुर्चीत पुढे झाले. "फे बाई, कोण मारतंय?" जोलीन म्हणजे ग्रंथपाल आणि फे तिची मैत्रीण, हे त्यांना एव्हाना पाठ झालं होतं. पण फे कॉर्नफ्लेक्सकडे वळली होती.

बेव्हचा फोन वाजला. "डुएन म्हणतो, आपण मारला," ती म्हणाली. तेव्हा कुठे आमच्या पडद्यावर आमच्या मुली उड्या मारायला लागल्या. डुएनच्या फोनवर सामना आमच्यापेक्षा अर्धं मिनिट पुढे होता. आम्ही जे श्वास रोखून बघत होतो ते गॅरेजमध्ये केव्हाच होऊन गेलेलं असे. बरोबरीचा गोल झाला तोही आम्हाला आधी बेव्हच्या तोंडावर दिसला.

"बेव्ह," सासरे म्हणाले, "एकतर नवऱ्याला गप्प कर, नाहीतर त्याला इथे आण आणि मला गॅरेजमध्ये ने."

मधल्या सत्रात संघांनी बाजू बदलल्या, तेव्हा ॲनिका टोपीतून बाहेर आली. ती अशी सुरेख दिसली म्हणून सांगू, गुडघे वाकवून, हातमोजा उघडा. सासऱ्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि बोटांनी मोजायला सुरुवात केली. हॉकीची रबरी चकती तिनं अडवली की त्यांचं एक बोट हले. मी पण बघायला लागणार, इतक्यात चक्र आलं.

मी राउटरवर झेप घेतली. उचलला, वायर पुरेल तेवढा खिडकीकडे नेला, स्टुलावर चढलो, डोक्यावर धरला.

"आलं!" सासरे ओरडले.

मी उतरू लागलो.

"गेलं! वर धर! आणखी वर. डावीकडे. आलं! आता हलू नकोस!"

अडतीस वर्षं छपरावर उभं राहून ऐकलेलं सगळं त्यांनी त्या दुपारी मला परत ऐकवलं. राउटर उंच धरल्यानं खरंच फरक पडत होता का, देव जाणे. पण तिथून हलायची माझी छाती झाली नाही. आणि त्या स्टुलावरून टीव्ही दिसत नव्हता. दिसत होतं ते सासूबाईंच्या चिनी मातीच्या भांड्यांचं काचेचं कपाट आणि त्याच्या काचेत पडलेलं सामन्याचं प्रतिबिंब, उजव्याचं डावं झालेलं. पोटच्या मुलीचा अंतिम सामना मी चहाच्या किटल्यांमधून पाहत होतो.

शेवटच्या सत्रात ॲनिका पुन्हा टोपीमागे गेली. एक-एक अशी बरोबरी, दहा मिनिटं उरलेली. सासऱ्यांना ते सहन होईना. "बस रे खाली!" ते पडद्यावर ओरडले. "ए टोपीवाल्या! बस!"

"असं ओरडून काय होणार?" बेव्ह म्हणाली. "लिहा की त्यांना."

"कुणाला लिहू? पोचेपर्यंत उन्हाळा येईल."

बेव्हनं आपल्या फोनवर तोच सामना उघडला, खालची एक रिकामी चौकट दाखवली आणि फोन त्यांच्या हातात दिला. सासरे एका बोटानं लिहू लागले. जाडजूड, स्क्रू पिळून पिळून चपटं झालेलं बोट. एकेक अक्षराला ते चष्मा वर करत. मी विचारलं, काय लिहिताय, तर म्हणाले, "तू वर बघ."

थोड्या वेळानं पडद्यातून जोलीनचा आवाज आला. "फे, हे बघ, कुणीतरी लिहिलंय. 'भगव्या टोपीला बसवा. गोलकीपर माझी नात आहे. टॉइवो लॅम्पिनेन, डुलुथ.'" मग ती मोठ्यानं ओरडली, "हॅरल्ड! अरे खाली बस! डुलुथच्या आजोबांना नात दिसत नाहीये!"

किटलीच्या पोटातली टोपी वळली, तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि ती खाली गेली.

सासरे खुर्चीत मागे टेकले. मग हळू आवाजात म्हणाले, "कर्टिस, साठ वर्षं मी टीव्हीवर ओरडतोय. आज पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं."

यानंतर घरात कुणी वडी खाल्ली नाही. समोरच्या मुली लाटेसारख्या चालून येत होत्या आणि ॲनिका अडवत होती. जोलीन आणि फेसुद्धा हॉटडिश विसरल्या. "बाई गं, काय पोर आहे!" फे म्हणाली. "ही आपली असती तर!" सासऱ्यांची बोटं हलत होती.

शेवटचं मिनिट उरलं असताना बेव्हचा फोन सासऱ्यांच्या हातातच किणकिणला. डुएन. बेव्हनं मान पुढे केली. सासऱ्यांनी फोन मांडीवर पालथा घातला आणि त्यावर तळहात दाबून धरला.

"जे व्हायचं ते झालंय तिकडे," बेव्ह कुजबुजली.

"माझ्याकडे अजून झालं नाही," सासरे म्हणाले.

माझे हात भरून आले होते. काचेतल्या बर्फावर एक निळी मुलगी उजवीकडून, म्हणजे डावीकडून, सुटली. ॲनिका पुढे आली, पसरली, पाय लांब केला. चकती तिच्या बुटाला लागून उडाली, वरच्या दांड्यावर आपटली आणि आत पडली.

हरलो. भोंगा वाजला. निळ्या मुलींचा ढीग झाला आणि ॲनिका गोलच्या तोंडाशी पालथी पडून राहिली. उठेचना. बेव्हनं डोळ्यांना रुमाल लावला. मी स्टुलावर राउटर धरून उभा. अशा वेळी बापानं जे काही करायचं असतं, त्यातलं यात काहीच नव्हतं.

सासऱ्यांनी फोन सुलटा केला आणि पुन्हा लिहायला घेतलं. ते अक्षर शोधत होते तोवर ॲनिकाला मैत्रिणींनी उठवलं, हस्तांदोलनं झाली, लोकांनी कोट चढवले. मला वाटलं, चित्र आता बंद होणार. तेवढ्यात जोलीन पुटपुटत वाचायला लागली, मध्येच थांबली आणि म्हणाली, "फे, माझी पर्स धर." चित्र हललं. तिकाटण्यावरून फोन काढून ती निघाली होती. किटल्यांमध्ये पायऱ्या आल्या, बूट आले, सांडलेल्या लाह्या आल्या, हॅरल्डचा गुडघा आला. मग एक लाकडी कठडा आणि त्याच्या पलीकडे ॲनिकाचा लाल, ओला, सुजलेला चेहरा.

"पोरी, तुझ्या आजोबांनी लिहिलंय," जोलीन धापा टाकत म्हणाली. "'टोपीमुळे सगळे दिसले नाहीत. जेवढे दिसले त्यात तू सत्तावीस अडवलेस. मी मोजले.'"

ॲनिका एकदम हसली आणि त्याच वेळी पुन्हा रडली. मग तोंड अगदी जवळ आणून, आमच्या अख्ख्या कपाटभर होऊन तिनं विचारलं, "आजोबा, दिसतेय का मी?"

"दिसतेस गं बाळा!" सासरे खुर्चीतून अर्धे उठत ओरडले. "दिसतेस!"

ती बघतच राहिली. कान देऊन, ओठ चावून.

"तिला ऐकू येत नाही, लिहावं लागतं," बेव्ह म्हणाली. "लवकर लिहा."

सासरे धपकन खाली बसले. चष्मा वर गेला. बोट अक्षरांवर फिरू लागलं. तिकडे कुणीतरी ॲनिकाला हाका मारत होतं, बस सुटायची होती. मागून लोर्ना आली आणि तिनं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. ॲनिकानं मान हलवली. मुखवटा काखेत धरून ती कठड्याशी उभी राहिली, आणि जोलीन तिच्यासमोर फोन धरून.

माझ्या खांद्यांतून कळा येत होत्या. "पपा," मी अगदी हळू म्हणालो, "आता उतरू का मी?"

"हलशील तर बघ," सासरे मान वर न करता म्हणाले. त्यांना पहिलं अक्षर सापडलं होतं.